कोय परत द्यायची

नागपुरात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहिले त्या बाई आंबा हातावर ठेवायच्या आणि मग समोरून हलायच्या नाहीत. आपण आंबा चोळून मऊ करायचा, देठाकडचा चीक पिळून टाकायचा, चोखायला लागायचं. बाई कमरेवर हात ठेवून उभ्याच. शेवटी कोय उरली की त्यांचा तळवा पुढे यायचा.

"दे."

पोस्टमन असो, गल्लीत नवी आलेली सून असो, त्यात फरक नव्हता. एकदा शेजारी पाहुणे म्हणून आलेल्या एका मोठ्या साहेबांनी बोलता बोलता कोय कुंपणापलीकडे भिरकावली. बाई बोलणं तिथंच सोडून फाटकाबाहेर गेल्या, नालीच्या कडेचं गवत हातानं बाजूला करून कोय शोधून आणली आणि पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं. मग साहेबांना म्हणाल्या, "हं, सांगा आता, काय म्हणून राहिले होते?" साहेबांना काही आठवेना.

लोक तर्क करायचे. कुणी म्हणे बाई कोयींचं औषध करतात, कुणी म्हणे म्हातारपणी डोकं फिरलं. मी दोन्ही वेळा गप्प राहिले, कारण हे कशातून सुरू झालं ते मी पाहिलं होतं.

मी साताऱ्याकडची. टेलिफोन ऑपरेटर म्हणून नागपूरला नेमणूक झाली तेव्हा सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती आणि एकट्या मुलीला खोली मिळणं कठीण होतं. सक्करदऱ्याच्या बाजूला, तेव्हा तो भाग गावाबाहेर समजला जाई, एका घराचं नाव कुणीतरी सुचवलं. दार उघडलं ते एका फार उंच बाईंनी. पांढरं नऊवारी लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "पाठ काहून वाकवून राहिली वं? सरळ उभी राह्य. खोली वरची हाय."

मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर कवायत शिकवली होती. लग्न केलं नव्हतं. घरचे लोक उमरेडचे, मागावर विणणारे. बाईंनी मात्र हातात माग धरण्याऐवजी लेझीम धरली, असं त्या स्वतःच सांगत. निवृत्त झाल्या तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. पहाटे लुगड्याचा काष्टा मारून ग्राउंडवर धावायला जात आणि परत येऊन डिसेंबरच्या थंडीतही विहिरीच्या पाण्यानं आंघोळ करत. टेकून कधी बसल्या नाहीत. घरात टेकायची खुर्चीच नव्हती, सगळी स्टुलं.

घराची एक भिंत मध्येच वाकून आत गेलेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, गवंडी प्यायलेला असणार. तिथं आंब्याचं झाड होतं. फळ पिकलं की शेंदरासारखं लाल होई, म्हणून त्याला सगळे शेंदऱ्या म्हणत. घर बांधताना मिस्त्री म्हणाला होता, झाड पाडावं लागेल. बाईंनी त्याला विचारलं, "इथं आधी कोण आलं? हे का तू?" आणि भिंत वळली.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या गल्लीला पाठ होता. कुणी काहीही येऊन सांगितलं, की बाई विचारत, "पाह्यलं का ऐकलं?" ऐकलं म्हटलं की त्या ऐकायच्या थांबत. माझं तर कामच दिवसभर ऐकण्याचं. एका पावसाळ्यात संध्याकाळी बोर्डावर सगळीकडून एकच बोलणं चालू झालं, की तलाव फुटला, पाणी शहरात शिरतंय. मी धावत घरी आले तर गल्लीत पळापळ. शेजारचे वकीलसाहेब, एरवी टोपी घातल्याशिवाय ओट्यावरही न येणारे, डोक्यावर ट्रंक घेऊन उभे.

"बाई, चला लवकर! तलाव फुटला!"

"पाह्यलं तुवं?"

"नाही, पण लाइनवर सगळेच तेच बोलून राहिलेत." माझ्याही तोंडात तोवर नागपूर आलं होतं.

"तुहं काम ऐकायचं हाय बाई. माहं नाई."

त्यांनी सायकल काढली आणि सगळी माणसं जिकडून पळत येत होती तिकडे निघाल्या. आम्ही पाहतच राहिलो. अंधार पडायच्या सुमारास परत आल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि एक बूट हातात होता.

"तलाव जाग्यावर हाय," त्यांनी गल्लीला सांगितलं. "बांधावर दोघं जन बिड्या पिऊन राहिले. जा, भात टाका."

वकीलसाहेबांनी ट्रंक खाली ठेवली. त्यांना ते कायमचं लागलं असावं.

बाईंचा कुत्रा म्हणजे कप्तान. पिवळट रंगाचा, एका कानाचं टोक तुटलेलं, गल्लीतलंच पोर. ग्राउंडवर बाई धावत होत्या तेव्हा हे पिल्लू मागून आलं आणि पुढे निघून गेलं. "जो पुढं पळते तो कप्तान," एवढंच त्याच्या नावाचं कारण. मी राहायला आले तेव्हा तो चांगला दांडगा झाला होता. बाई त्याच्याशी लाडानं बोलत नसत. संघातल्या मुलीशी बोलावं तसं बोलत. तोही शिट्टी ऐकून बसे, उठे, थांबे.

माझ्या पहिल्याच मे महिन्यात कप्ताननं खाणं सोडलं. आंबे गळायला लागले होते आणि तो अंगणात पडलेले आंबे खायचा. त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं, आम्हीही खातच होतो. आधी ओकाऱ्या झाल्या. मग पाणीही पोटात ठरेना. पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर धरून तो तासन् तास तसाच राहायचा, नमस्कार घातल्यासारखा. बाईंनी त्याच्या पोटाखाली हात घातला तर तो कधी नाही ते त्यांच्यावर गुरगुरला. बाईंनी हात काढला नाही.

"पोट लाकडासारखं झालं वं," त्या म्हणाल्या. "चाल."

दुपार होती. नागपूरचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला ती दुपार सांगून कळायची नाही. डांबर चपलेला चिकटत होतं, दुकानं पडदे ओढून झोपली होती. सायकलरिक्षावाल्यानं कुत्रा पाहून मान हलवली. इतवारीकडे रिकामा जाणारा एक हातगाडीवाला मात्र थांबला. भला माणूस, म्हणाला, "टाका बाई याच्यावर, मी ढकलत नेतो."

बाईंनी गाडीवर हात ठेवून ती एकदा हलवून पाहिली. "नाई गा भाऊ. हे हादरते. त्याचं पोट दुखते."

आणि त्यांनी तो एवढा कुत्रा दोन्ही हातांवर उचलला. साठीच्या जवळ आलेली बाई. जनावरांचा दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी शेजारून छत्री धरून चालत होते आणि मला त्यांच्या चालीनं चालता येत नव्हतं. वाटेत एका पाणपोईवर म्हाताऱ्यानं त्यांच्यापुढे पाण्याचा गडवा धरला, तर त्यांनी ओंजळ भरून कप्तानचं तोंड ओलं केलं, डोकं ओलं केलं आणि पुढे निघाल्या. स्वतः प्यायल्याच नाहीत. मी एकदा म्हटलं, "बाई, जरा सावलीत टेकू या." त्या चालतच राहिल्या. त्यांचा श्वास कवायतीसारखा चालला होता, नाकानं आत, तोंडानं बाहेर. तो मी मोजत मोजत चालले. तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं पोट चाचपलं आणि त्याचा चेहरा बदलला. "आत काहीतरी अडकलंय. आतडं बंद आहे. पोट उघडावं लागेल, आणि तरी भरवसा देत नाही."

"उघडा."

"तुम्ही बाहेर बसा."

"नाई. मी पाहीन."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं; मी मान खाली घातली. इंजेक्शननं कप्तान ढिला पडला. बाईंनी त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. मी दारात उभी होते आणि अर्धा वेळ भिंतीकडे पाहत होते, पण बाईंची नजर एकदाही हलली नाही. डॉक्टरच्या हातांकडे त्या अशा पाहत होत्या, जसं आयुष्यभर मुलींच्या उड्यांकडे पाहिलं असेल. शेवटी चिमटा वर आला आणि ट्रेमध्ये काहीतरी टणकन् वाजलं. आंब्याची कोय. अजून तिच्यावर केस होते.

"एवढीशी?" बाईंचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला.

"एवढीच पुरते," डॉक्टर म्हणाला.

कप्तान वाचला. त्या दिवसांत बाई अंगणातल्या खाटेवर नव्हे, त्याच्या शेजारी फरशीवर झोपत. चमच्यानं पेज पाजत. तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते. बाईंनी टाळी वाजवली नाही, डोळे पुसले नाहीत. "हं. आता सरळ," एवढंच म्हणाल्या.

मग वकीलसाहेब फाटकाशी आले. ते फाटकाशीच थांबत, आत कधी येत नसत. लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता आणि पोटात सुया घ्याव्या लागल्या होत्या. कप्तान ओट्यावर दिसला तरी ते गल्लीची दुसरी बाजू धरत. शिवाय शेंदऱ्याची एक मोठी फांदी त्यांच्या पडवीच्या टिनांवर होती आणि रात्रंदिवस आंबे धडाधड वाजत.

"बाई, मी तुमच्या भल्यासाठी सांगून राहिलो," ते म्हणाले. "आंब्याचं झाड कुत्र्याला विषच असतं. पान, चीक, मोहोर, सगळं. एक तर झाड तोडा, नाही तर कुत्रा कुठं सोडून या. दोन्ही एका अंगणात नांदायचे नाहीत."

"पाह्यलं का ऐकलं?"

वकीलसाहेब लाल झाले. "सगळे सांगतात!"

"तुमच्या घरी विहीर हाय, अन् नातवंडंबी हायेत," बाई म्हणाल्या. "कोनाले हाकलता?"

ते निघून गेले. बाई मात्र त्यांचं बोलणं विसरल्या नाहीत. ते खोटं म्हणून सोडून देणंही त्यांना मान्य नव्हतं, कारण खोटं आहे हेही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर बाई शेंदऱ्याचं पान चावत बसल्या होत्या. पुढे सालीचा तुकडा. वाळलेला मोहोर. एक दिवस त्यांनी कैरीच्या देठाचा चीक स्वतःच्या कोपराच्या आत लावला आणि वर कापड बांधलं. संध्याकाळी कापड सोडलं तर कातडं भाजल्यासारखं फोड येऊन सुजलं होतं.

"बाई, हा काय वेडेपणा!" मी ओरडले.

"वेडेपणा काहून? आता मले मालूम झालं." त्या हाताकडे खरोखर समाधानानं पाहत होत्या. "चीक वाईट. पान काही करत नाई. पण मी मानूस हाय, तो कुत्रा हाय. चाल, डॉक्टरले विचारू."

डॉक्टर आधी हसला. मग बाईंनी बाही वर केली आणि त्याचं हसणं थांबलं. त्यानं स्टूल पुढे ओढून त्यांना बसवलं, फोडांना मलम लावलं आणि लावता लावता सगळं नीट सांगितलं. झाडाखाली कुत्रा बसला, पान चघळलं, तर काही होत नाही. चिकानं तोंडाला आग होते, तो जपावा. पिकलेला गर थोडा खाल्ला तर चालतो, फार खाल्ला तर पोट बिघडतं. सडका, फसफसलेला आंबा मुळीच देऊ नये. "आणि कोय," तो म्हणाला, "ती विरघळत नाही, पुढे सरकत नाही. तुमच्या झाडात विष नाही बाई. पण पुन्हा कोय गिळली तर मी पुन्हा पोट उघडू शकेन असं सांगत नाही. एकदा शिवलेलं आतडं आहे."

परत येताना बाई घराच्या वळणावर म्हणाल्या, "म्हंजे झाडाचं काम नाई, कुत्र्याचं काम नाई. माहं काम हाय."

तेव्हापासून कोय परत घेणं सुरू झालं. आणि राखण. पाडाला लागल्यापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत बाई शेंदऱ्याखाली स्टूल टाकून बसत. आंबा पडला की उठत, उचलत, टोपलीत टाकत. कप्तानला त्यांनी शिकवलं: आंबा पडला, शिट्टी वाजली, की जागेवर बसायचं. तो बसायचा, पण नजर आंब्यावर आणि तोंडातून लाळ. म्हणून बाईंनी त्याच्यावर सगळं सोपवलं नाही. जेवण तिथंच, भेटायला आलेल्यांशी बोलणं तिथंच, ऊन अंगावर आलं तर डोक्यावर ओला पंचा. कूलरच्या खोलीतून मी खिडकीतून पाहायची, आणि मला आत बसल्याची लाज वाटायची. वर्षामागून वर्षं त्यांनी उन्हाळे असे काढले. बांधून का ठेवत नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "खेळाडू बांधून ठेवते का कोनी?"

मग तो वादळाचा दिवस आला. मे संपत होता, झाड आंब्यांनी वाकलं होतं. संध्याकाळी आभाळ काळं-पिवळं झालं, धूळ उठली, आणि बाईंनी कप्तानला घरात कोंडून कडी लावली. गारा सुरू झाल्या तशी टिनांवर अशी बडबड झाली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळेना. शेंदऱ्या अंगात आल्यासारखा घुमत होता आणि आंबे दगडांसारखे कोसळत होते. अंगणात, भिंतीवरून गल्लीत, नालीत, वकीलसाहेबांच्या पडवीवर. वीज कडाडली. आत कप्ताननं दारावर अंग टाकलं, जुनी कडी निखळली, आणि तो माझ्या पायांमधून निसटून, भिंतीवर चढून पलीकडे दिसेनासा झाला.

बाईंनी शिट्टी फुंकली. गाल फुगलेले दिसले, आवाज ऐकू आला नाही.

त्यांनी डोक्यावर घमेलं उपडं धरलं आणि त्या गारांत उतरल्या. मी मागे धावले. घमेलं धरून आंबे वेचता येईनात म्हणून त्यांनी ते माझ्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः उघड्या डोक्यानं वाकल्या. भुवईवर गार लागून रक्त आलं. ते पुसायलाही हात रिकामा नव्हता. गल्लीभर आंबे, आणि कप्तान कुठंतरी त्यांच्यातच. मी "कप्तान, कप्तान" ओरडत होते, बाई ओरडत नव्हत्या, वेचत होत्या.

गारा थांबल्या, पाऊस राहिला. दिवे गेले होते. दारांमधून लोक बाहेर पाहत होते. एका घरातून कंदील आला, मग दुसऱ्यातून. पोस्टमनची बायको पदर खोचून खाली वाकली, नवी सून वाकली, आणि थोड्याच वेळात सबंध गल्ली नालीच्या कडेनं, पानांच्या ढिगांखाली हात घालून आंबे काढू लागली. टोपल्या भरल्या, घागरी भरल्या.

"बाई, आता पुरे," मी म्हटलं. "सगळे निघाले."

त्या गुडघ्यांवर होत्या. चिखलात तळवा फिरवत होत्या. "एक राह्यला असन तर त्याले एकच पुरते वं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज तसा मी दवाखान्यात एकदाच ऐकला होता.

तेवढ्यात वकीलसाहेबांच्या पडवीचं दार उघडलं. साहेब बाहेर आले. टोपी नव्हती, धोतर ओलं होतं, आणि एक हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता. मागून त्यांच्या पत्नी कंदील घेऊन, "मी म्हणतच होती, नका घालू हात, नका घालू!"

साहेबांच्या हातात एक आंबा होता. दातांनी फाटलेला, लाळेनं माखलेला, अख्खा. कोय आत होती.

"आमच्या बाकाखाली येऊन बसला होता," ते म्हणाले. "तोंडात हा. गुरगुरून राहिला होता. मी... मी काढला."

"तोंडातून?" मी विचारलं.

"मग कुठून?"

त्यांच्या मागून कप्तान आला, शेपूट पायांत घालून, आणि येऊन बाईंना चिकटला. बाईंनी त्याचं तोंड उघडून आत बोट फिरवलं, गळा चाचपला, पोट चाचपलं. मग उठल्या. वकीलसाहेबांचा हात आपल्या हातात घेतला, कंदिलाकडे वळवला आणि एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं. दातांचे पांढरे वळ होते. कातडं फुटलं नव्हतं.

बाईंच्या भुवईचं रक्त पावसानं गालावर उतरलं होतं. साहेबांनी खिशातला रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला, तो भिजलेलाच होता. बाईंनी तो घेतला.

"अंगण वेचायचं हाय अजून," त्या म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी धोतराचा सोगा वर खोचला. कप्तान फाटकाच्या अगदी मध्ये उभा होता. त्याच्या बाजूनं ते आत शिरले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि वाकड्या भिंतीशी खाली बसून ओली पानं एकेक करून उलटू लागले.